एक मिलिमीटर म्हणजे हजार किलोमीटर: घरात, गच्चीवर आणि नागपूरच्या रस्त्यावर सूर्यमाला

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाची तारीख लागली की स्टेशनरीच्या दुकानांत 'सोलर सिस्टीम'चे तयार डबे दिसू लागतात. आत थर्माकोलचे गोळे, तारा आणि रंगाच्या चार बाटल्या. रात्री आईबाबा गोळे रंगवतात, सकाळी पोरगं ते उचलून शाळेत नेतं. त्या मॉडेलात सूर्य मोसंबीएवढा, गुरू लिंबाएवढा, पृथ्वी त्याहून जराशी लहान, आणि सगळे ग्रह वीत-वीत अंतरावर एका ओळीत. त्यातून कळतं काय, तर ग्रहांचा क्रम आणि शनीला कडं असतं हे. ते पुस्तकात आधीच छापलेलं आहे.

टेबलावर मावेल अशा एकाच मॉडेलात ग्रहांचे आकार आणि अंतरं दोन्ही खरी दाखवता येत नाहीत, हे आधी मान्य करून टाकलेलं बरं. गणित करून बघा. पृथ्वी मोहरीएवढी, म्हणजे २ मिलिमीटरची धरली, तर सूर्य २२ सेंटिमीटरचा होतो आणि तो साडेतेवीस मीटर लांब ठेवावा लागतो. नेपच्यून जातो ७०० मीटरवर. एवढं टेबल कुठल्या शाळेत आहे? म्हणून इथं एकाऐवजी वेगवेगळ्या वस्तू करायच्या आहेत. एक फक्त आकार सांगेल, दुसरी फक्त अंतर, तिसरी गती. चौथी गुरूची काठी. तिचा उपयोग रात्री, आकाश बघताना. सगळं एकाच सुटीत झालं पाहिजे असं नाही, पण सुरुवात आकारापासून करा, कारण पुढं ते ग्रह कामी येतात.

आधी भागाकार

प्रमाण धरा: १ मिलिमीटर म्हणजे १,००० किलोमीटर. ग्रहाचा व्यास किलोमीटरमध्ये घ्यायचा, हजाराने भागायचं, उत्तर मिलिमीटरमध्ये. पाचवी-सहावीच्या मुलाला हे एकट्याने जमतं, आणि त्यानेच ते करावं. आयता तक्ता दिला की अर्धी गंमत गेली. हे आकडे उत्तरं ताडून बघण्यासाठी (विषुववृत्तावरचे व्यास):

बुध: ४,८७९ किमी, जवळपास ५ मिमी
शुक्र: १२,१०४ किमी, १२ मिमी
पृथ्वी: १२,७५६ किमी, पावणेतेरा मिमी
चंद्र: ३,४७५ किमी, साडेतीन मिमी, ज्वारीच्या दाण्याच्या जवळ जाणारा
मंगळ: ६,७९२ किमी, ७ मिमीला थोडा कमी, वाळलेल्या वाटाण्याएवढा
गुरू: १,४२,९८४ किमी, १४.३ सेंमी
शनी: १,२०,५३६ किमी, १२ सेंमी
युरेनस: ५१,११८ किमी, ५.१ सेंमी
नेपच्यून: ४९,५२८ किमी, ५ सेंमीला किंचित कमी

सूर्य १३,९२,००० किलोमीटरचा, म्हणजे १ मीटर ३९ सेंटिमीटर. त्याचा गोळा करण्याच्या भानगडीत पडू नका. ६९.६ सेंटिमीटरची सुतळी घ्या, एक टोक अंगणात खिळ्याला बांधा, दुसऱ्या टोकाला खडू, आणि वर्तुळ काढून त्यात पिवळी-केशरी रांगोळी भरा. त्यावर पृथ्वीचा मणी ठेवला की बघणारे आपोआप खाली वाकतात. या वर्तुळात एका व्यासावर असे १०९ मणी ओळीनं बसतात.

सामान आणि लगदा

थर्माकोल मी सुचवणार नाही. २०१८ च्या प्लास्टिकबंदीत महाराष्ट्रात थर्माकोलच्या सजावटीच्या वस्तूही आल्या, हे एक कारण. दुसरं कामाचं आहे: ऑइल पेंट, स्प्रे पेंट किंवा उग्र वासाचा गोंद लागला की थर्माकोल विरघळतो आणि गोळ्याला खड्डे पडतात. घरात आधीच आणलेले गोळे असतील तर पाण्यात मिसळणारे पोस्टर कलर आणि पांढरा फेव्हिकॉल एवढंच वापरा. पण बाजारातले गोळे आपल्या मापाचे क्वचितच मिळतात, ही खरी अडचण आहे.

लहान चार ग्रहांसाठी आणि चंद्रासाठी शाडू माती घ्या. नागपूरच्या महाल भागातल्या चितारओळीत मूर्तिकारांकडे गणपतीच्या आधीच्या महिन्यांत ती सहज मिळते, मूठभर पुरते. मोठ्या चार ग्रहांसाठी कागदाचा लगदा. आपल्याकडे जुन्या बायका कागद आणि मेथी वाटून टोपल्या लिंपायच्या, तोच हा लगदा. वर्तमानपत्राचे आठ-दहा कागद बोटभर तुकडे करून रात्रभर पाण्यात भिजवा. दोन चमचे मेथी वेगळी भिजवा. सकाळी कागद पिळून, मेथीबरोबर खलबत्त्यात किंवा जुन्या मिक्सरमध्ये वाटा, आणि कणकेची शिजवलेली घट्ट खळ व थोडा फेव्हिकॉल घालून मळा. पोळीच्या कणकेपेक्षा थोडा सैल हवा. मेथी असली की कीड लागत नाही आणि चिकटपणाही येतो. दोन दिवस घराला वास येतो, तेवढा सहन करा.

गोळे करताना

शाडूचे मणी वळायला सोपे, माप साधायला अवघड. माती वाळताना आकसते, म्हणून थोडे मोठे वळा, एकेका ग्रहाचे चार-पाच करा, आणि वाळल्यावर जो मापात बसेल तो ठेवा. माप बघायला फूटपट्टी कामाची नाही. जाड पुठ्ठ्यावर कर्कटकाने ५, ७, १२ आणि १२.७५ मिलिमीटरची वर्तुळं काढून धारदार पात्याने भोकं पाडा. पातं मोठ्या माणसाने चालवावं. मणी भोकातून अडत-अडत गेला की झाला. शुक्र आणि पृथ्वी यांच्यातला पाऊण मिलिमीटरचा फरक डोळ्यांना दिसत नाही, भोकाला दिसतो.

मोठ्या ग्रहांसाठी आत वर्तमानपत्राचा घट्ट गोळा, त्यावर सुतळी गुंडाळा. युरेनस-नेपच्यूनचा गाभा ४ सेंटिमीटरचा, शनीचा साधारण १०, गुरूचा १२. वर खळीत बुडवलेल्या कागदी पट्ट्यांचे दोन-तीन थर, प्रत्येक थर वाळल्याशिवाय पुढचा नाही, आणि शेवटी लगद्याचा हात. फुगा गाभा म्हणून वापरू नका, निदान नागपुरात तरी. एप्रिल-मे मध्ये दुपारी आतली हवा तापून फुगते, रात्री आकसते, आणि वरचा ओला थर तडकतो. वाळवणही सावलीत, वाऱ्याला. आपल्या उन्हात लगदा बाहेरून कडक होतो आणि आत ओला राहतो. पावसाळ्यात पंख्याखाली ठेवा.

आता जे तयार डब्यात कधीच सापडत नाही ते. गुरू आणि शनी गोल नाहीत. स्वतःभोवती इतक्या वेगात फिरतात (गुरू दहा तासांच्या आत, शनी साडेदहाच्या आसपास) की मध्ये फुगतात आणि ध्रुवांकडे चपटे होतात. आपल्या मापात गुरू आडवा १४.३ आणि उभा १३.४ सेंटिमीटर, शनी आडवा १२, उभा १०.९. लगदा ओला असतानाच दोन पाटांमध्ये हलकेच दाबा. शनीच्या आडव्या मापाला जुनी सीडी धरून बघा. ती १२ सेंटिमीटरचीच असते.

दुसरीकडे, पृथ्वीवर डोंगर काढू नका. एव्हरेस्ट पावणेनऊ किलोमीटरचा, म्हणजे आपल्या मण्यावर मिलिमीटरचा शंभरावा भागही नाही. मंगळावरचा ऑलिंपस मॉन्स जवळपास २२ किलोमीटर उंच असूनही या प्रमाणात साध्या कागदाच्या जाडीच्या पाव हिश्श्याएवढाच होतो. हवेचा थर १०० किलोमीटरचा धरला तर तो एका कागदाएवढा. प्रदर्शनात हे सांगितलं की परीक्षकही एकदा मणी बोटावर फिरवून बघतात.

रंग, आणि उभे-आडवे ग्रह

गोळ्यातून विणायची सुई आरपार घाला. तोच त्याचा अक्ष. गुरूचे पट्टे रंगवताना ब्रश एका जागी धरा आणि सुई फिरवा. पट्टे आपोआप समांतर येतात. पांढरट, पिवळसर, तपकिरी असे आलटून-पालटून. दक्षिण गोलार्धात लाल डाग काढा, सोळा मिलिमीटर रुंद. हा डाग म्हणजे दीडशेहून जास्त वर्षं दिसत आलेलं वादळ, आणि त्यावर पृथ्वीचा मणी ठेवला तर कडेला जागा उरते.

बुध करडा, चंद्रासारखा. शुक्राला फिकट पिवळसर पांढरा द्या, कारण बाहेरून दिसतात ते ढगच. त्याखालच्या जमिनीवर ४६० अंशांच्या वर तापमान आहे. मे महिन्यात नागपूरकरांनी तक्रार करायची ती या आकड्याकडे बघून. मंगळ विटकरी, लोहाच्या गंजाचा रंग, आणि दोन्ही टोकांना पांढरे ठिपके.

युरेनस आणि नेपच्यून यांच्या बाबतीत बहुतेक पुस्तकांतली चित्रं फसवी आहेत. नेपच्यून गडद निळा दाखवतात, कारण व्हॉयेजर-२ यानाने १९८९ मध्ये पाठवलेल्या चित्रांत ढग नीट दिसावेत म्हणून रंग वाढवले होते आणि तेच चित्र रूढ झालं. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नव्या विश्लेषणात दोन्ही ग्रह जवळपास सारखेच, फिकट हिरवट निळे असल्याचं दिसलं. नेपच्यून थोडासाच अधिक निळा. वातावरणातला मिथेन तांबडा प्रकाश शोषतो, म्हणून हा रंग. दोघांसाठी एकच रंग कालवा आणि नेपच्यूनच्या वाटीत निळ्याचा एक थेंब जास्त टाका.

मग सुया लाकडी ठोकळ्यांत बसवा, पण सरळ नाही. उभ्या रेषेपासून कोनमापकाने मोजून पृथ्वी २३.४ अंश, मंगळ २५, गुरू ३, शनी २७, नेपच्यून २८. युरेनस ९८ अंश, म्हणजे चक्क आडवा पडून लोळत सूर्याभोवती जातो. बुध सरळ उभा. शुक्र उभाच दिसतो, पण उलट फिरतो आणि फार सावकाश: एका फेरीला २४३ दिवस, त्याच्या वर्षापेक्षाही (२२५ दिवस) जास्त. पृथ्वीचा हा कल नागपुरात स्वतः तपासता येतो. आपण साधारण २१ अंश उत्तरेला, म्हणजे २३.४ च्या आत, त्यामुळे मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आणि जुलैच्या मध्यानंतर लगेच, असे दोन दिवस भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. जुलैचा दिवस बहुधा ढगांत जातो.

शनीचं कडं शेवटी. यासाठी ए-४ चं पारदर्शक प्लास्टिक पुरत नाही, ए-३ घ्या, कारण कड्याचा बाहेरचा व्यास २७.४ सेंटिमीटर होतो. एकाच केंद्राभोवती ७.५, ९.२, ११.८, १२.२ आणि १३.७ सेंटिमीटर त्रिज्यांची वर्तुळं काढा. ७.५ च्या आतलं कापून टाका. ७.५ ते ९.२ अगदी पुसट रंगवा, ९.२ ते ११.८ सगळ्यात उजळ, ११.८ ते १२.२ ची फट काळी (हीच कॅसिनीची फट), आणि त्याबाहेर मध्यम. कडं गोळ्याला चिकटवायचं नाही. मध्ये दीड सेंटिमीटर मोकळी जागा राहिली पाहिजे. तीन बारीक टाचण्यांवर टेकवा, शनीच्या विषुववृत्ताच्या पातळीत, म्हणजे सुईशी काटकोनात. प्लास्टिक कितीही पातळ घेतलं तरी ते खऱ्यापेक्षा जाडच: खऱ्या कड्यांची जाडी बहुतेक ठिकाणी दहा-वीस मीटरची, आणि आपल्या प्रमाणात दहा मीटर म्हणजे मिलिमीटरचा एक लाखावा भाग. मार्च २०२५ मध्ये पृथ्वी या कड्यांच्या पातळीतून गेली, तेव्हा कडी जवळजवळ दिसेनाशी झाली होती. आपलं मॉडेल डोळ्यांच्या रेषेत धरलं की ते का झालं हे कळतं.

संत्र्याची सूर्यमाला

आता अंतरं. आंबिया बहार किंवा मृग बहार, जो हंगाम चालू असेल त्यातलं एक ७ सेंटिमीटरचं संत्रं घ्या. दोऱ्याने घेर मोजला तर २२ सेंटिमीटर भरेल. हा सूर्य. (संत्रं दोन टोकांना चपटं असतं, खरा सूर्य जवळजवळ अगदी गोल आहे.) ले-आउटमधला एखादा सरळ, गाड्यांची वर्दळ नसलेला रस्ता शोधा, सव्वादोनशे मीटरचा. सकाळी लवकर जा.

बुध २.९ मीटरवर, शुक्र ५.४, पृथ्वी ७.५, मंगळ ११.५. मग गुरू ३९ मीटरवर, शनी ७२, युरेनस १४४, नेपच्यून २२६.

संत्रं लहान-मोठं असेल तर सूत्र सोपं: पृथ्वी एकशे साडेसात संत्र्यांवर, बाकीचे त्याच पटीत. ग्रह स्वयंपाकघरातून आणा. गुरू वाटाणा, शनी त्याहून थोडा लहान वाटाणा, युरेनस आणि नेपच्यून मोहरीचे टपोरे दाणे. पृथ्वी आणि शुक्र खसखशीचे दाणे (तेही जरा मोठेच होतात), बुध आणि मंगळ बारीक रव्याचे कण. प्रत्येक दाणा पांढऱ्या पोस्टकार्डावर चिकटवा, खाली ठळक नाव, आणि कार्ड काठीला लावा. दाणे नुसते हातात दिले तर मंगळ पहिल्या दहा पावलांत हरवतो.

चालताना पहिले चार ग्रह झटकन संपतात. मंगळानंतर गुरूपर्यंतची चाल मुलांना कंटाळवाणी होते. होऊ द्या, तेच दाखवायचं आहे. "इथं तर लघुग्रहांचा पट्टा असतो ना, मग दगड कुठं?" हा प्रश्न हमखास येतो. सिनेमातल्यासारखी दगडांची गर्दी तिथं नाही. पट्ट्यातलं सगळं वस्तुमान एकत्र केलं तरी चंद्राच्या शंभरातले तीन-चार भागच भरतात. नेपच्यूनपाशी उभं राहून मागे वळून संत्रं शोधायला सांगा. सापडत नाही. तिथं पोचणारा सूर्यप्रकाश पृथ्वीवरच्या प्रकाशाच्या नऊशेव्या भागाएवढा असतो.

पृथ्वीच्या काठीपाशी आणखी एक करा. या प्रमाणात चंद्र पृथ्वीपासून दोन सेंटिमीटरवर येतो. म्हणजे चंद्राची पूर्ण कक्षा त्या संत्र्याच्या आत मावते. माणूस आजवर गेलाय तो एवढाच. हे झाल्यावर सूर्य सोलून खाल्ला तरी चालतो.

गच्चीवरची कक्षा

गती दाखवायला मोटारी लावतात. मला त्या पटत नाहीत. बाजारातल्या फिरत्या मॉडेलांत सगळे ग्रह बहुधा एकाच वेगाने फिरतात. मुलांनाच ग्रह करा. साडेतीन-चार मीटरची गच्ची पुरे. प्रमाण: सूर्य-पृथ्वी अंतर १ मीटर. खडू-सुतळीने ३९, ७२, १०० आणि १५२ सेंटिमीटर त्रिज्यांची वर्तुळं काढा. बुधाची कक्षा बरीच लंबगोल आहे, म्हणून त्याच्या वर्तुळाचं केंद्र सूर्यापासून ८ सेंटिमीटर सरकवा, मंगळाचं १४, आणि दोघांच्या सरकण्याच्या दिशा एकमेकींशी साधारण काटकोनात ठेवा. मध्ये सूर्य म्हणून हरभऱ्याचा एक दाणा. मुलं तिथं मोठा दिवा ठेवायला बघतील. ठेवू देऊ नका, या मापात सूर्य ९ मिलिमीटरचाच आहे.

आता कक्षांवर समान अंतरावर खुणा: बुधाच्या ८, शुक्राच्या २०, पृथ्वीच्या ३३, मंगळाच्या ६२. एक टाळी म्हणजे ११ दिवस. दर टाळीला प्रत्येकाने एक खूण पुढे, सगळ्यांनी घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने. बुधाच्या मुलाची ढांग ३० सेंटिमीटरची पडते, मंगळाच्या मुलाची पंधराची. सूर्याजवळचा ग्रह जोरात पळतो हे त्यांच्या पायांना कळतं: खरा बुध सेकंदाला सरासरी ४७ किलोमीटर, मंगळ २४. समान खुणा ही आपली सोय आहे. खरा बुध सूर्याच्या जवळ असताना जास्त जोरात आणि लांब असताना सावकाश जातो. मोठ्या मुलांना जवळच्या खुणा विरळ आणि लांबच्या दाट काढायला सांगा.

यातला सगळ्यात चांगला खेळ मंगळाच्या उलट्या चालीचा. पृथ्वी आणि मंगळ एका रेषेत यायच्या चार-पाच टाळ्या आधी थांबा. पृथ्वीच्या मुलाने काठी मंगळाकडे रोखायची, आणि काठी लांबच्या कुठल्या इमारतीकडे किंवा पाण्याच्या टाकीकडे दाखवते ते तिसऱ्याने दर टाळीला लिहायचं. मंगळ पुढे सरकतोच आहे, पण आतल्या वाटेने पृथ्वी त्याला ओलांडते तेव्हा काठी काही टाळ्या मागे वळते आणि पुन्हा पुढे जाते. पंचांगात मंगळ वक्री म्हणतात तो हाच. सत्तरेक टाळ्यांनी, म्हणजे सुमारे सव्वीस महिन्यांनी, हे पुन्हा येतं. आकाशात पुढची पाळी फेब्रुवारी २०२७ ची.

झिरो माइलवरून सायकलने

पहिल्या भागातला संच आहेच. त्याच प्रमाणात अंतरंही काढली तर १ मीटर म्हणजे १० लाख किलोमीटर, आणि नागपूर शहर त्याला बरोबर पुरतं. सूर्य झिरो माइलच्या खांबापाशी, त्या चार दगडी घोड्यांजवळ ठेवल्याचं मनात धरा. बुध ५८ मीटरवर, शुक्र १०८, पृथ्वी १५०, मंगळ २२८. हे चारही पायी. गुरू ७७८ मीटरवर. शनी १.४ किलोमीटरवर. युरेनस २.९ किलोमीटरवर, म्हणजे दीक्षाभूमीच्या किंचित पलीकडे. नेपच्यून साडेचार किलोमीटरवर, अंबाझरी तलावाच्या आसपास. ही अंतरं सरळ रेषेतली आहेत. फोनवरच्या नकाशात दोन ठिकाणांमधलं अंतर मोजायची सोय असते, ती वापरून आपल्या घराजवळच्या जागा शोधा. रविवारी सकाळीच निघा, झिरो माइलच्या चौकात इतर वेळी मुलांना घेऊन थांबण्यात अर्थ नाही.

या प्रमाणात प्रकाश सेकंदाला ३० सेंटिमीटर जातो. सूर्यापासून पृथ्वीपर्यंतचे १५० मीटर याच चालीने, एका सेकंदाला एक फूट असे, चालून बघा: सव्वाआठ मिनिटं लागतात. अंबाझरीपर्यंत चार तासांच्या वर. १९७७ मध्ये निघालेलं व्हॉयेजर-१ यान २,५०० कोटी किलोमीटरच्या पलीकडे गेलं आहे, म्हणजे आपल्या नकाशात बुटीबोरीच्या वाटेवर. सगळ्यात जवळचा तारा मात्र ४०,००० किलोमीटरवर पडतो. तिथं पोचायला पृथ्वीला पूर्ण फेरी मारून पुन्हा झिरो माइलवर यावं लागेल.

गुरूची काठी

संचातला गुरू घ्या आणि चार मीटर लांबीचा बांबू. गुरू मधोमध बांधा. गुरूच्या चार मोठ्या चंद्रांसाठी शाडूचे आणखी चार मणी करा आणि दोऱ्याने बांबूवर लटकवा: आयो (३.६ मिमी) गुरूच्या मध्यापासून ४२ सेंटिमीटरवर, युरोपा (३.१ मिमी) ६७ वर, गॅनिमीड (५.३ मिमी) १०७ वर, कॅलिस्टो (४.८ मिमी) १८८ वर. गॅनिमीडचा मणी बुधाच्या मण्याशेजारी धरा; चंद्र असून तो ग्रहापेक्षा मोठा आहे.

गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये हे चौघे पाहिले. ते बघायला साधी १० × ५० ची (दहापट मोठं दाखवणारी, ५० मिमी भिंगांची) दोन डोळ्यांची दुर्बीण पुरते, फक्त ती हलता कामा नये. गच्चीच्या कठड्यावर किंवा गाडीच्या टपावर उशी ठेवून टेकवा. गुरू शहरातल्या उजेडातही दिसतो. त्याशेजारचे ठिपके एका रेषेत असतात. वहीत एक आडवी रेघ, मध्ये गुरू, आणि ठिपके ज्या बाजूला जेवढे लांब दिसतील तसे काढा. दुसऱ्या रात्री त्याच वेळी पुन्हा. आयो पावणेदोन दिवसांत फेरी पूर्ण करतो, युरोपा साडेतीन, गॅनिमीड सात, कॅलिस्टो पावणेसतरा. दोन-तीन आठवड्यांची चित्रं जमली की बांबूवरचे मणी त्या-त्या रात्रीच्या जागी सरकवून बघा. कोणता ठिपका कोण, हे त्यातूनच उलगडतं. एखाद्या रात्री तीनच दिसले तर चौथा गुरूच्या पुढे किंवा मागे असतो.

युरेनस नुसत्या डोळ्यांनी बघायचा असेल तर शहर सोडावं लागतं. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क (रात्रीचं आकाश अंधारं राखलेली जागा) म्हणून मान्यता मिळाली, आणि नागपूरहून ते एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावर आहे. अमावास्येच्या आसपासची तारीख धरा, आणि रमण विज्ञान केंद्रातल्या तारांगणाचा खेळ त्याआधी बघून ठेवा, म्हणजे तिथं गेल्यावर राशी ओळखण्यात वेळ जात नाही. टॉर्चवर लाल जिलेटिनचा कागद लावा. काठी घरीच राहू द्या, वही मात्र न्या.